सुगंधा कोयंडे आणि न पिणाऱ्यांची बैठक

दारुड्याच्या बायकोकडून मासे घेताना तुम्ही भाव पाडून मागता की नाही? खरं सांगा. तिला दुपारच्या आत पाटी रिकामी करून घरी पळायचं असतं, नवरा शुद्धीवर यायच्या आधी चूल पेटवायची असते, हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तुम्ही उठता, थोडे पुढे जाता आणि पाठीमागून तिची हाक यायची वाट बघता. हाक येतेच. मालवणच्या बाजारात हे मी वर्षानुवर्षं बघत आलो आहे. सोवळ्यातले बघितले, टोपीवाले बघितले, दारूबंदी सप्ताहात व्यासपीठावर हार घालून घेणारे तर हमखास बघितले. राग आला असेल तर येऊ दे. ज्या बाईबद्दल मी लिहितो आहे ती ह्याच बाजारात बसते. तिचं नाव सुगंधा कोयंडे.

सुगंधा तारकर्लीची सून. उंच, काळी, खांद्याने रुंद. डोक्यावर पाटी घेऊन पुळणीच्या वाळूतून चालते तेव्हा पाय रुततात, पण मान हलत नाही. शिळा बांगडा ताजा म्हणून तिने कधी विकला नाही, आणि कुणी मासा नाकाला लावून हुंगू लागला तर त्याला सोडलाही नाही. "वास कसलो घेतंस रे मेल्या? सोयरीक करूची आसा काय तेच्याशी?" बाजूच्या बायका खो खो हसायच्या. गिऱ्हाईक मुकाट्याने मासा पिशवीत टाकायचा.

तिचा नवरा गुणाजी रापणीवर होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. एकट्यादुकट्याचं काम नव्हे, मच्छीमारांचा सगळा वाडा दोराला लागतो. गुणाजीच्या दंडात जोर होता, पण त्याची खरी दौलत त्याचा गळा. रापण समुद्रात टाकायच्या आधी गाऱ्हाणं घालायचं ते त्यानेच. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मांडलेली मागणी. एकाने एक एक ओळ म्हणायची आणि जमलेल्यांनी प्रत्येक ओळीला "व्हय महाराजा" म्हणून आवाज द्यायचा. गुणाजीने "बा देवा महाराजा" म्हटलं की लाटेचा आवाज खाली बसायचा, असं तिकडचे म्हातारे अजून सांगतात.

ह्या माणसाला सोरो लागला, आमच्याकडे दारूला सोरो म्हणतात. कसा लागला ते विचारू नका. कसा लागत नाही ते विचारा. सरकारने दारूबंदी केली ती मुंबईत बसून. इकडे गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा, शिडाच्या होडीला फार लांब नाही, आणि जे होडीतून येत नव्हतं ते माडांच्या आड भट्टीवर शिजत होतं. कायद्याने दारू बंद होती. कायद्याखेरीज तिला कुणी बंद केलेली नव्हती.

पुढे पुढे गुणाजी पिऊन आला की वाड्याच्या वाटेवर उभा राहून त्याच गळ्याने बायकोच्या नावाने गाऱ्हाणं घालायचा. तिचं माहेर, तिचा रंग, तिची जीभ, सगळं त्यात यायचं. आणि वाड्यातले काही हलकट कुंपणाआडून "व्हय महाराजा" म्हणायचे. सुगंधा मला म्हणाली होती, "तेच्या माराक मी भिलंय नाय. पण लोकांचा ता 'व्हय महाराजा' ऐकान माका समुद्रात जावचासा वाटा."

मग गुणाजीचे डोळे पिवळे झाले. पोट फुगलं. मालवणच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि सुगंधाला बाहेर बोलावून सांगितलं की ह्याचं काळीज, म्हणजे यकृत, गेलं आहे, आता दारू थांबली तर हा जगेल, न थांबली तर जगणार नाही. सरळ गोष्ट. पण थांबवायची कशी ते डॉक्टरांकडे नव्हतं. सुगंधाने देवळात नारळ ठेवला. गुणाजीने हातात तुळस घेऊन आण घेतली आणि ती शिमग्यात मोडली. पुन्हा घेतली, ती एका लग्नात मोडली. आण मोडली की लाज वाटायची, आणि लाज वाटली की तो प्यायचा.

आता आपोलिनाचं सांगतो. आपोलिना मालवणात शिवणकाम करायची. शुक्रवारी त्यांच्यात मांस चालत नाही, म्हणून दर शुक्रवारी सुगंधाकडून मासळी घ्यायची. एका शुक्रवारी सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, वाटणी पिशवीत टाकून घेता घेता तिने हळूच कसाल गावातलं एक ठिकाण सांगितलं, "गो सुगंधा, तुझ्या घोवाक कसालाक धाड. माझो भाव प्लासिद थंय आसा. आयतारी ते सगळे बसतत."

"कोण सगळे?"

"पिणारेच गो. प्लासिदासारखे."

आमच्याकडे 'बसणे' ह्या शब्दाची गंमत तुम्हाला माहीत आहेच. चार माणसं 'बसली' म्हटलं की मधे काय मांडलं होतं ते सांगावं लागत नाही. आपोलिनाच्या मनात वेगळं होतं, पण तोंडातून तोच शब्द आला. सुगंधाने काय केलं? आपोलिनाच्या पिशवीत हात घालून सुंगटां परत काढून घेतली.

"शिरा पडो तुझ्या तोंडार! हंय बसता ता पुरा नाय, म्हणान आता एस्टीत घालून तेका कसालाक बसयतंय?"

आपोलिना लाल झाली आणि निघून गेली. त्यानंतर अख्खा पावसाळा दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. एका शब्दापायी एक पावसाळा. आणि ज्याचं काळीज कुजत चाललं आहे त्याला पावसाळा म्हणजे काय, ते डॉक्टरांना विचारा.

नारळी पुनव झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि एक दिवस सुगंधाच्या पाटीसमोर एक वाळका, पांढऱ्या केसांचा माणूस येऊन उकिडवा बसला. मासा उचलला नाही, भाव विचारला नाही.

"माका वळाकलंस?"

"नाय. उधारी नाय देत."

"मी प्लासिद. माझ्या भयणीची सुंगटां तू काढून घेतलंस, ती न्हेवक इलंय."

सुगंधा हसली नाही, पण उठलीही नाही. प्लासिद बोटीवर स्वयंपाकी होता. जगातल्या सगळ्या बंदरांत प्यायला. शेवटी मुंबईत बोटीवाल्यांनी त्याला धक्क्यावर टाकून दिला. तिथे कुणीतरी त्याला एका ठिकाणी नेलं, जिथे त्याच्यासारखेच लोक एकत्र जमून आपलं आपलं सांगायचे. तो मुंबईत राहिला तोवर तिथे जात राहिला, आणि गावी परतल्यावर कसालच्या बाजारामागे, कौलांच्या एका बंद वखारीत त्याने तसंच जमवायला सुरुवात केली. हे सगळं त्याने मासळीच्या बाजारात, माश्या हाकत सांगितलं.

"थंय आमी बसतंव," तो म्हणाला, "पण चाय पितंव. एकटो बोलता, बाकीचे ऐकतत."

"आणि मगे?"

"मगे आपापल्या घराक जातंव."

"तेवढ्यान सुटता?"

"सुटना नाय गो बाय. आज पीत नाय, इतक्याच. फाल्याचा फाल्या."

"आणि देव कोणतो? तुमचो काय आमचो?"

"जेचो तेणी हाडूचो. पाव मातर आमच्या बेकरीचो."

ह्यावर मात्र ती हसली. सुंगटांची एक वाटणी त्याच्या रुमालात बांधून म्हणाली, "ही आपोलिनाक दी. आणि सांग, जिभेचा माझ्या काय मनार घेव नको."

गुणाजी कसालला गेला. पहिल्या रविवारी दाराशी बसून राहिला आणि परत आला. दुसऱ्या रविवारीही तेच. त्याला बोलताच येईना. आपली फजिती सगळ्यांसमोर कशी सांगायची? पुरुष माणूस, त्यात रापणीवरचा. पुढच्या खेपेला प्लासिदने म्हटलं, "गुणाजी, तुझो गळो मोठो म्हणतत. वायच ऐकव तरी." तेव्हा गुणाजी उभा राहिला, हात जोडले आणि त्याच्या तोंडून जे येत होतं तेच आलं.

"बा देवा महाराजा! आज हो गुणाजी कोयंडो तुझ्या पायाकडे इलोसा..."

मग कुणीतरी हळूच म्हणालं, "व्हय महाराजा."

"ह्येणा सोऱ्याच्या पायी बायलेक मारल्यान, भरल्या रापणीचो दोर हातातसून सोडल्यान..."

"व्हय महाराजा."

"तुळशीची आण घेतल्यान आणि मोडल्यान. ह्येचा जा काय चुकला माकला आसात ता पदरात घे, आणि आजच्या दिवस ह्येचो हात ग्लासाक लागा नये असा कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आणि सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडला? छातीवर क्रूस करणारा प्लासिद. त्याने स्वतः मला हे सांगितलं, सांगताना डोळे पुसत होता. तेव्हापासून कसालची बैठक गाऱ्हाण्यावर चालायला लागली. कुणाला बोलता येईना की गुणाजी त्याच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा.

महिने गेले. डोळ्यांचा पिवळेपणा उतरला. गुणाजी पुन्हा दोराला लागला. आणि घरात एक अजब गोष्ट झाली: नवराबायकोला एकमेकांशी काय बोलावं ते कळेना. इतकी वर्षं ती ओरडत होती आणि तो शिव्या देत होता. आता तो संध्याकाळी अंगणात गप्प बसून जाळं शिवायचा, आणि ही आतबाहेर करायची. "नव्या नवरीसारखी माका लाज वाटा," सुगंधा म्हणाली. "एकदा तेणा इचारल्यान, तुका पेडवे आवडतत काय तारले? इतक्या वर्सात पयल्यांदा इचारल्यान. मी रडाक लागलंय. तेका वाटला, मासोच खराब आसा."

इथवरच लिहून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

माणूस बरा झाला की त्याला थट्टा सुचते. रापण ओढून झाली होती, मासळीचे वाटे पडत होते. रापणीचे म्होरके आबा. त्यांनी सहज विचारलं, "काय रे गुणाजी, आयतारी खंय नाहीसो होतंस?"

"कसालाक बसूक जातंय, आबा! येतास?"

सगळी पुळण हसली. दारू सोडलेला माणूस 'बसायला' जातो म्हणतो, ह्यातली मजा सगळ्यांना कळली. गुणाजीला इतक्या वर्षांनी लोक त्याच्या बोलण्यावर हसले, त्याच्यावर नव्हे. तो खूश. मग जो विचारील त्याला तेच उत्तर. थट्टा वाऱ्यावर गेली. तारकर्लीतून मालवणात, मालवणातून एस्टीने कुठे कुठे. पुळणीवर होती तोवर ती थट्टा होती. एका जमादाराच्या कानावर पोचली तेव्हा ती खबर झाली. कसालाक आयतारी लोक बसतत.

रविवारी वखारीला पोलिसांनी वेढा घातला. वेढा! आत सहा-सात माणसं आणि एक किटली. जमादाराने किटलीचं झाकण काढून हुंगलं.

"यात काय आहे?"

"चहा, साहेब."

"यापूर्वी काय होतं?"

"पाणी, साहेब," प्लासिद म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. बोटीवरचा स्वयंपाकी, त्याला वाटलं कृती विचारतायत.

"मग तुम्ही सगळे इथे जमून करता काय?"

आणि त्या भल्या माणसाने दर रविवारी ज्या वाक्याने सुरुवात करायचा तेच वाक्य जमादारापुढे म्हटलं. "आम्ही सगळे दारुडे आहोत, साहेब."

"लिहून घे," जमादार शिपायाला म्हणाला. झाली कबुली.

बाजाराच्या मधून चालवत नेलं त्यांना. किटली जप्त केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही काही जण अर्ज घेऊन गेलो तेव्हा जमादार मला म्हणाला, "दारू पीत नाहीत तर दारुडे कसे? आणि दारुडे आहेत तर पीत नाहीत कसे?" मी टेबलावर हात आपटला, पण त्याच्या डोक्यात जे शिरत नव्हतं ते हात आपटून शिरणार नव्हतं. सोडले त्यांना. किटली काही दिली नाही.

वखारीला मालकाने कुलूप घातलं. त्या सहा-सात जणांत रविकांत नावाचा एका शाळेतला कारकून होता. बाजारातून चालवला जाताना त्याला त्याच्या शाळेतली पोरं बघत होती. नोकरी जाते की राहते अशी त्याची गत. त्याने बाकीच्यांना गोळा करून सांगितलं की जागा बदलायची, कुणाला कळू द्यायची नाही, आणि गुणाजीला तर मुळीच नाही. "तेच्या तोंडानच पोलीस हाडले." प्लासिदने मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. भ्यालेल्या माणसांना मी शिव्या देत नाही. मीही भ्यायलो आहे, काय होतं ते मला माहीत आहे. पण ज्याला आपण 'बस' म्हटलं त्याला उठवायचा हक्क कुणाला असतो?

गुणाजीला वाटलं बैठक बंदच पडली. तरी रविवार आला की तो एस्टीत बसून कसालला जायचा, कुलूप लावलेल्या वखारीच्या पायरीवर बसायचा आणि परत यायचा. काही दिवसांनी तो अंगणात जाळं घेऊन बसला की अर्ध्यातच टाकून उठायचा. जाळ्याची गाठ बसेना. सुगंधाला कळलं की हा आता धरून ठेवल्याने राहायचा नाही. ती आपोलिनाकडे गेली.

"प्लासिद खंय आसा? ते आता खंय बसतत?"

आपोलिनाने शिवणयंत्र थांबवलं. "माका इचारू नको गो, सुगंधा. माका देवमाय सायबिणीची आण घातल्यानी हा."

म्हणजे कुठेतरी बसतात. एवढं सुगंधाला पुरलं.

मग ह्या बाईने काय केलं बघा. मालवणच्या बाजारातली आपली हक्काची जागा सोडली आणि पाटी घेऊन आतल्या गावांत विकायला निघाली. कट्टा, कसाल, मसुरे. घरोघरी मासे द्यायचे आणि घरोघरी विचारायचं: दारू सोडलेली माणसं कुठे बसतात? हसण्याचा विषय झाली. बसण्याच्या जागा लोकांनी तिला किती दाखवल्या! ह्या बागेत, त्या काजीखाली, त्या अमक्याच्या मांगरात. भट्टीचा पत्ता शाळेतलं पोर सांगत होतं.

"ह्ये पिणारे बसतत तेंची जागा," ती म्हणायची. "न पिणारे खंय बसतत?"

"न पिणारे कित्याक बसतीत गो?" एका दुकानदाराने तिला सुनावलं. "ते उभेच रवतत!"

पाटी डोक्यावर घेऊन ती पुढच्या घरी गेली.

मसुऱ्यात यमुनाबाई म्हणून एक म्हातारी होती, दोन म्हशींवर संसार चालवणारी. तिने तारले निवडता निवडता सांगितलं, "आयतारी गिरणीच्या मागीलदारी पाच-सा पुरुष जमतत. माझ्याकडसून दूध न्हेतत. इतके पुरुष, बायल एक नाय, आणि दूध! माका तेव्हाच संशय इलो, ह्यांका काय तरी झालाहा."

सुगंधाने तिला उरलेले सगळे तारले देऊन टाकले आणि पळत सुटली.

घरी येऊन तिने गुणाजीला सांगितलं. तिला वाटलं होतं तो उडी मारील. पण तो म्हणाला, "म्हणजे ते बसत होते? माका सोडून?"

"भियाले ते. तुझ्या त्या थट्टेन पोलीस इले म्हणतत."

"मी जावचंय नाय. माका बोलावल्यानी नाय."

"बोलावूक काय तुझा लगीन आसा? मी पाय झिजवलंय तुझ्यासाठी, दारादारार हसवन घेतलंय. माका मान सांगा नको. तू मेलंस तर मान काय चाटू?"

रविवारी दोघं मसुऱ्याला गेली. गुणाजीने धुतलेला सदरा घातला होता. गिरणीला वळसा घालून मागे गेली. दार अर्धवट लोटलेलं. गुणाजी पुढे, सुगंधा मागे. त्याने दार ढकललं तेव्हा आतलं बोलणं थांबलं आणि रविकांतचा आवाज आला, "ह्येका कोणी सांगल्यान? आता परत आमची वरात काढतलो."

बस, एवढंच. कुणी त्याला हाकललं नाही. प्लासिद उठून उभा राहिला, "ये रे गुणाजी, बस," म्हणालासुद्धा. पण गुणाजीने पहिलं ऐकलं होतं. त्याने हात जोडले. "बसा तुमी," म्हणाला, आणि मागे फिरला. प्लासिद अनवाणी धावला. गुणाजीची चाल रापणवाल्याची, प्लासिद म्हातारा. गाठू शकला नाही.

तरीपाशी, होडीच्या धक्क्यावर, येऊन गुणाजी सुगंधाला म्हणाला, "तू होडयेत बस. मी वायच आडोशाक जावन येतंय." ती काठावरच बसली. एक होडी गेली, दुसरी गेली. नावाड्याने विचारलं, "कोणाची वाट बघतंस गो?" तेव्हा ती उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो सापडला, एका बागेत माडाला टेकून बसलेला. भट्टीवर त्या दिवशी माल नव्हता, म्हणून कुणीतरी त्याला पॉलिशचं स्पिरिट पाणी घालून दिलं होतं. सुगंधा समोर जाऊन बसली तेव्हा भर दुपारचं ऊन त्याच्या तोंडावर होतं. तो म्हणाला, "दिवो लाव गो. काय दिसना नाय." तिने त्याचा हात आपल्या तोंडावर ठेवला. "लावलंय," म्हणाली.

मालवणला पोचेपर्यंत तो होता. दवाखान्याच्या बाकावर गेला.

दिवसकार्य झालं आणि त्यानंतरच्या रविवारी सुगंधा एकटी मसुऱ्याला गेली. यमुनाबाईकडून दूध घेतलं आणि गिरणीच्या मागच्या दारातून आत शिरली. सगळे उभे राहिले. रविकांत भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. ती त्याच्या बाजूने पुढे गेली. दूध प्लासिदच्या हातात दिलं आणि जमिनीवर बसली.

"पिणारे हमरस्त्यार बसान पितत," ती म्हणाली. "तेंका कोणाची लाज नाय. आणि तुमी सोडणारे, तुमी मागीलदारी लपतास! माका तुमी गावाक म्हयने लागले. तेका आधी गावला असतास तर तो आज हंय बसलेलो असतो. ज्याका तुमची गरज आसा, तेणी तुमका हुडकूचा कसा? दुधाच्या वासार?"

प्लासिदने नवी किटली उचलली आणि गिरणीला वळसा घालून पुढे रस्त्यावर आणली. एकेक करून सगळे बाहेर आले. रविकांत सगळ्यांत शेवटी, पण आला. तरीच्या वाटेवर एक आंबा आहे, त्याखाली ते बसले. जाणारे येणारे थांबून बघत होते. कुणीतरी हसलं. सुगंधा मध्येच बसली होती. तिने आयुष्यात थेंब घेतलेला नाही. तरी ती दर रविवारी जाते. इतर दिवशी बाजारात आहेच, आणि एखादी गिऱ्हाईक बाई डोळे सुजवून आली की मासा कापता कापता मोठ्या आवाजात सांगते, चार जणांना ऐकू जाईल असं: "आयतारी मसुऱ्याक धाड तेका. तरीच्या वाटेर, आंब्याखाली बसतत. चाय पितत." पोलीस एकदा आले होते. तिने त्यांना चहा दिला. ते उभ्याने प्याले आणि गेले.

आता अडचण सांगतो. आंब्याखाली उन्हाळा निघतो. जून लागला की तिथे गुडघाभर पाणी. गेल्या पावसाळ्यात बैठक महिनोन् महिने झाली नाही, आणि त्यातले दोघे पुन्हा प्यायला लागले. एक अजून परत आलेला नाही. सुगंधा पडवी मागत मसुऱ्यात फिरली, कसालात फिरली, मालवणात फिरली. मोठ्या घरांतून तिला उत्तर मिळालं, "बाय, आमच्याकडे कोण पीत नाय. दारात दारुडे बसवल्यावर लोक काय म्हणतले?" एकाने गोठा देऊ केला. एकाने पाठीमागची न्हाणीघराकडची जागा देऊ केली, वर म्हणाला की तिकडे कुणाची नजर जात नाही. तिने हात जोडले आणि निघून आली. त्या घरांची नावं मला ठाऊक आहेत. लिहीत नाही, कारण त्यांच्याकडे मला पुन्हा जायचं आहे.

तुमच्या घराला रस्त्याकडे तोंड करून पडवी असेल. असणारच, आमच्या बाजूला कुणाच्या घराला नसते? ती रविवारच्या दुपारपुरती ह्या माणसांना द्या. चहा ते आपला करतात, दूध सुगंधा आणते, जाताना पडवी झाडून जातात. मागची बाजू दाखवू नका, पुढची द्या. आणि पहिल्या रविवारी, कुणी वाटेवर घुटमळताना दिसलं, तर तुम्ही स्वतः अंगणात उतरा आणि त्याला म्हणा, "ये रे, बस."